घन आहार

ता. ९ जुलै १९३१, गुरुवार

आवडी, लिहायला फार उशीर झाला. रागावू नकोस. शिमग्याला आलीस तेव्हा ही वही आणि ती ताप मोजायची काचेची नळी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "आबा, घरात कुणी पडलं तर त्याच दिवसापासून रोज लिहा. ताप किती, खायला काय दिलं, पोटाचं काय. लिहिलं म्हणजे चूक सापडते." आज तुझ्या वहिनीला, तुळसाला, अंथरूण धरून बारावा दिवस आहे आणि मी पहिली ओळ लिहितो आहे. आधी वाटलं, लावणीत भिजली, कणकण असेल. मग वाटलं, वही उघडली म्हणजे आजार कबूल केल्यासारखं होईल. म्हणून उघडली नाही.

मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवसांचा. तुझ्या आईला होता तोच. गोदूबाईनं पोट चाचपून सांगितलं.

तुला पत्र टाकीन ते मोजकंच टाकीन. तुझ्या भावाला, हैबतीला तर "तुळसाला जरा बरं नाही" एवढंच कळवलं आहे. गिरणीतून खाडा करून तो पोर इथं येऊन काय करणार? तू नर्सबाई, तुला सुट्टी मागायची सोय नाही, हे तूच सांगितलंस. तेव्हा जे खरं ते या वहीत. तुला दाखवायची की नाही ते नंतर बघू.

ता. १० जुलै, शुक्रवार

वहीची पहिली सहा पानं तुझ्या अक्षरात आहेत. तुमच्या वर्गात बाईंनी सांगितलेलं तू उतरून दिलंस. "मुदतीच्या तापाच्या रोग्याची शुश्रूषा." काल चारदा वाचलं.

"रोग्यास स्वतंत्र व हवेशीर खोलीत ठेवावे." आपल्या घरात खोली म्हणजे माजघर, आणि दुसरी खोली म्हणजे गोठा. पावसात दार उघडलं की झड आत येते, लावलं की चुलीचा धूर आत कोंडतो. मी अर्धं दार उघडं ठेवून त्याला पाटा लावला. म्हणजे आता पाऊसही आत येतो आणि धूरही बाहेर जात नाही.

"मळ दूर खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा." घरात चुना माझ्या तंबाखूच्या डबीतला. तोच टाकला. आज तंबाखू कोरडी खाल्ली.

"पाणी उकळून गार करून द्यावे." हे मात्र जमतं. लाकडं ओली आहेत, पण जमतं.

ता. १२ जुलै, रविवार

नळी गोदूबाई लावते, मी वाचतो. मी सासरा, तुळसाच्या काखेत नळी मी कशी लावणार? गोदूबाई सुईण आहे, वाडीतल्या निम्म्या लोकांची नाळ तिनं कापली, तिला सगळं चालतं. ती नळी काढून दारात आणून देते, मी चष्मा लावून पारा बघतो. तीन दिवस ताप सारखा एकशे तीन. सकाळी एकशे तीन, सांजेला एकशे तीन. मला बरं वाटलं, म्हटलं चढत तरी नाही.

आज पुन्हा तुझं पान वाचलं तर तिसऱ्या ओळीत आहे, "लावण्यापूर्वी पारा झटकून खाली आणावा." मी वाचलं होतं, पण झटकायचं ते आपलं धुऊन झाल्यावरचं पाणी, असं मला वाटलं होतं. आज झटकून लावली. एकशे चार.

गोदूबाई म्हणाली, "भावोजी, काय बोलते तुमची काडी?"

"एकशे चार."

"माझा हात तीन दिस तेच बोलतोय. अन् हाताला झटकायला लागत नाय."

ता. १४ जुलै, मंगळवार

पांडू टपाल घेऊन आला. माझ्या जागी लागला त्याला आता सहा वर्षं झाली, तरी पिशवी चुकीच्या खांद्यावर घेतो. तुझं काही नव्हतं. पडवीत बसून चहा घेतला आणि हसत म्हणाला, "आबा, लोकं मला नावं ठेवतात. म्हणतात, येसाजी पत्र वाचायचा तवा म्हशीची पन खुशाली असायची. तू वाचतोस तर एवढंसंच कसं रं?"

मी हसलो, पण मला ते लागलं. तीस वर्षं पोलादपुराहून या डोंगरातल्या वाड्यांवर टपाल वाहिलं. मुंबईची पत्रं बायकांना वाचूनही मीच दाखवायचो. माझं शिक्षण तिसरी. अवघड शब्द आला तर थांबायचं नाही, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. थांबलं की समोरच्या बाईचं तोंड उतरतं, तिला वाटतं वाईट बातमी आहे. म्हणून मी मागचंपुढचं बघून अंदाजानं वाचत जायचो. तीस वर्षांत त्यापायी कुणाचं वाईट झालं नाही. झालं असलं तरी कुणी मला सांगितलं नाही.

पांडूबरोबर तुला कार्ड दिलं. ताप एकशे चार, पेज आणि दूधपाणी देतो, असं लिहिलं. तुझ्या पाचव्या पानावर एक शब्द आहे, तोही विचारला होता. मग वाटलं, पोरगी म्हणेल, जन्मभर टपाल वाहिलं आणि आबांना एवढं येत नाही. ती ओळ खोडली. नीट खोडली, खालचं दिसणार नाही अशी.

ता. १६ जुलै, गुरुवार

"दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलावी, अन्यथा पाठीस जखमा होतात."

गोदूबाई सकाळी येते आणि दिवेलागणीला येते. मधल्या वेळी तिची लावणी. त्या वेळात मी दाराशी बसतो आणि तुळसाकडं पाठ करून म्हणतो, "मने, तुझ्या मालकिणीला सांग, कूस बदल म्हणावं." मनी म्हणजे मांजर. तुला ठाऊकच आहे, तुळसा लग्न होऊन आली त्याला सात वर्षं झाली, माझ्याशी सरळ एक शब्द बोलली नाही. तिच्या वरंधच्या माहेरी तशीच शिस्त होती. आता तिथं कुणी उरलं नाही, पण शिस्त राहिली. जे बोलायचं ते मांजराला, नाहीतर चुलीला. "मने, चहा झाला गो." "मने, कुणी पान खाऊन भिंतीवर थुंकू नये म्हणावं." कुणी म्हणजे मी. आपण दोघं हसायचो यावर.

आता तापातही पदर डोक्यावरून ढळू देत नाही. मी आत आलो की हात चाचपत पदराकडं जातो. कूस बदलायला सांगितलं तर बदलते की नाही, मला दिसत नाही. मी बघत नाही.

आज गोदूबाई म्हणाली, "पाठीला लाल झालंय. तुमी उचलून वळवा तिला, माणूस मरताना सासरा-सून नसतं."

मी म्हटलं, मरताना असं बोलू नको. पण उठलो नाही.

ता. १८ जुलै, शनिवार

एकविसावा दिवस. मुदत आज संपली. ताप एकशे एक. सगळे म्हणतात उतरणार. मी दिवसात पाच वेळा नळी लावायला लावली. शेवटी गोदूबाईनं नळी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आता तुमच्या काखेत लावा. तुमचंच अंग तापलंय."

लावली. अठ्ठ्याण्णव. उगाच चिडलो तिच्यावर.

ता. १९ जुलै, रविवार

अठ्ठ्याण्णव आणि चार! तुळसाचं!

तीनदा झटकून तीनदा बघितलं. घाम आला, डोळे उघडले, मांजराला ओळखलं. नारळ देवीपुढं ठेवला आहे, उद्या फोडीन. आवडी, तुझ्या वहीनं केलं हे. वाडीत सांगत सुटलो. वाडीतला मालोजी तुझ्या मागं म्हणायचा, "रांडाव पोर मुंबईत जाऊन लोकांची घाण काढते." आज त्याच्या दारात उभा राहून ओरडून सांगितलं, माझ्या लेकीनं चार दिवसांच्या वाटेवरून माणूस उठवला म्हणून. त्यानं दार लावून घेतलं. लावू दे.

ता. २० जुलै, सोमवार

आज एक गोष्ट घडली.

दुपारी पेजेची वाटी तिच्या उशाशी ठेवून मागं वळलो. मागून आवाज आला, "मामंजी."

सात वर्षांत पहिल्यांदा. मी वळलो नाही, वाटलं ती लाजेल.

"मामंजी, भूक लागलीय. पेज नको. भाकरी द्या."

आवडी, तुझी आईही हेच मागत होती. तेव्हा तुझं शिक्षण नव्हतं, वही नव्हती. सगळे म्हणाले लंघन घाला, तापाला उपाशी मारा. मी घातलं. शेवटच्या दिवशी रखमा म्हणाली, "अर्धी भाकरी द्या हो, मग जाते." मी दिली नाही आणि ती गेली. तीन वर्षं झाली, मी भाकरी मोडताना अजून पहिला घास तसाच ठेवतो. तू त्या घासाला कंटाळूनच मुंबईला गेलीस, मला माहीत आहे.

तरी घाई केली नाही. तुझं पाचवं पान काढलं. तूच लिहिलं आहेस: "ताप उतरल्यावर दहा दिवस रोग्यास घन आहार देऊ नये. दिल्यास आतड्यास इजा होऊन जीवास धोका संभवतो." बिनचष्म्यानं ते मला 'धन' वाटलं होतं, चष्म्यानं घन आहे. हाच तो शब्द.

सगळी दुपार त्यावर घालवली. घन म्हणजे काय? लोहाराचा असतो तो घण, तो वेगळा. घनदाट जंगल म्हणतात, पण ते जंगलाचं. भजनात घन म्हणजे पावसाळी ढग, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, पन्नास वर्षं टाळ कुटले आहेत. ढग म्हणजे काय? पाणी आणि गारठा. तेव्हा घन आहार म्हणजे पाणचट, गार अन्न. पेज, ताक, दूधपाणी. तापात पातळ द्यायचं आणि ताप उतरला की पातळ बंद करून कोरडं, ऊन द्यायचं. पथ्य उलटतं. बरोबर आहे, थंडी संपली की घोंगडी काढतोच आपण. आणि मी मूर्ख कालपासून ताप उतरल्यावरही पेज देत होतो! वाटी उचलून गटारात ओतली.

तेवढ्यात गोदूबाई आली. नाचणीचं पीठ मळताना मला पाहून म्हणाली, "हे कुणाला?"

"तुळसाला."

"खुळे झालात काय भावोजी? आतडं अजून कच्चं हाय तिचं. माझ्या जावेला अशीच घाई केलेली. आठ दिस पेजच द्या."

मी म्हटलं, "बाई, तू वाडीची सुईण, पण ही माझी लेक मुंबईच्या इस्पितळात शिकली आहे. स्वच्छ लिहिलंय, पेजेनं आतड्याला इजा होते."

"असं लिहिलंय?"

"वाचून दाखवू?"

"मला काय कळतंय त्यात," ती म्हणाली. "लिहिलंय तर घाला." हात पुसून निघून गेली. रागानं गेली.

एक भाकरी, वर जवळ्याची सुकी चटणी. तुळसानं पदराआड सगळी खाल्ली. रिकामी ताटली सरकवून म्हणाली, "मने, भाकरी चांगली झालेली गो." म्हणजे पुन्हा मांजराशी. पण मला ते ऐकू यावं म्हणून मोठ्यानं.

ता. २१ जुलै, मंगळवार

दीड भाकरी. वालाची उसळ. ताप नाही. पांडू आला नाही, नदीला पाणी आहे म्हणतात. पत्र लिहून तयार ठेवलं: "तुळसा पूर्ण बरी. तुझ्या वहीप्रमाणे तंतोतंत केले."

गोदूबाई आली नाही. न येऊ दे.

ता. २२ जुलै, बुधवार

पहाटे तुळसा ओरडली. पोट धरून पडली आहे. ओकारी हिरवी. नळी मीच तिच्या हातात दिली, तिनं कशीबशी लावली. शहाण्णव! ताप शहाण्णववर आला, म्हणजे पार मुळातून गेला. मग एवढी कळ कशाची? भाकरी कच्ची राहिली असेल. की वालामुळं वायू धरला? ओवा दिला. राहिला नाही पोटात.

घाम गार आहे. नाकाचा शेंडा गार आहे.

गोदूबाईच्या पाया पडून तिला आणलं. तिनं पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. "पोटाची फळी झालीय," म्हणाली. तिनं वहीकडं बोट केलं. मग म्हणाली, "भावोजी, ते लिहिलेलं वाचा बरं मला."

मी वाचलं. घन आहार देऊ नये.

"घन म्हंजे काय?"

"ढग," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. "ढग कोन खातो, भावोजी?"

मग तिनं चुलीपाशी जाऊन शेकायला वीट तापवायला ठेवली.

ता. २३ जुलै, गुरुवार

महाडच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. चवदार तळ्यापाशी मोटार सोडते, तिथून दवाखाना जवळ. पण मोटार धरायला पोलादपूर गाठायला हवं आणि मध्ये सावित्री नदी. घोंगडीची डोली केली. मालोजी न बोलावता आला आणि पुढचा खांदा त्यानं घेतला. उतारावर, नदी पायी ओलांडायच्या जागी, आलो तर उतार नाहीच, झाडं वाहून चालली आहेत. भर पावसात अर्धा दिवस थांबलो. पाणी वाढतच गेलं.

पलीकडं पांडू उभा होता, डोक्यावर इरलं, पिशवी पोटाशी. मी तीस वर्षं तिथंच असाच उभा राहायचो आणि अलीकडून लोक ओरडायचे; काय ओरडतात ते कधी कळायचं नाही, मी नुसती मान हलवायचो.

मी ओरडलो, "आवडीला तार कर! विचार, घन म्हणजे काय!"

त्यानं कानाला हात लावला. "काय? धन?"

"घन! घन!"

"कुठलं धन, आबा?"

मालोजीनंही ओरडून पाहिलं. पाण्यानं सगळं गिळलं. शेवटी पांडूनं मान हलवली, समजल्यासारखी. ती मान मला ठाऊक आहे.

डोली परत आणली.

ता. २४ जुलै, शुक्रवार

ताप परत आला आहे. एकशे तीन. मी झटकूनच लावली. मीच लावली.

कालच्या धक्क्यांनी तिचा पदर पार खाली आला होता आणि तिनं तो ओढून घेतला नाही. हातही पदराकडं गेला नाही. तेव्हा मला भीती वाटली, तितकी पोटाच्या फळीनं वाटली नव्हती. मीच तिच्या डोक्यावर पदर घेतला. मग दोन्ही हात तिच्या खांद्याखाली घालून तिला कुशीवर वळवलं. किती हलकी झाली आहे, आवडी! पाठीला चवलीच्या नाण्याएवढी जखम आहे. तुझ्या पानावर लिहिलं होतं तशीच. ती ओळ मला समजली होती, तिथं एकही अवघड शब्द नव्हता.

दर दोन तासांनी वळवतो आहे. घड्याळ नाही, अंदाजानं वळवतो.

आता पाण्याचे दोन चमचे ओठांना लावतो, तेही आत ठरत नाहीत. मघाशी डोळे उघडले. मी म्हटलं, "तुळसा, मी आहे." ती म्हणाली, "मने..." मांजर चुलीजवळ झोपलं होतं. मीच म्हटलं, "सांग गो."

"तुळसा पूर्ण बरी" हे पत्र अजून फळीवर आहे. फाडवत नाही आणि टाकवतही नाही. नदी उतरली की ही वहीच पांडूजवळ देईन. दाखवायची की नाही म्हणत होतो, तर सगळी वाच. खोडलेलं काही नाही.

तुला एकच विचारायचं आहे, ते त्या दिवशीच विचारायचं होतं. घन म्हणजे काय? पेज असेल तर नुसतं "आबा, बरोबर" एवढं लिही, जास्त लिहू नकोस. आणि दुसरं काही असेल तर तेही लिही. मी अंदाजानं वाचणार नाही. गोदूबाईला समोर बसवून, एकेका शब्दावर थांबून वाचीन.

तुळसाला आता काय देऊ आणि काय नको, तेही सोप्या शब्दांत कळव. उशीर करू नकोस पोरी. मी केला तेवढा पुरे. लवकर कळव.